माळीमामाचा आवाज

९ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. पत्र बघून "खारूला आज कशी आठवण झाली" असं म्हणशील, म्हणून आधीच सांगते, काम आहे.

आमच्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलंय की येत्या उन्हाळ्यापासून संध्याकाळचा दवाखाना बंद. म्हणजे नोंदणीच्या टेबलावर मी फक्त सकाळची, आणि पगारही तेवढाच. यांच्या एकट्याच्या पगारात घर चालेल, पण चालेल म्हणजे लंगडत चालेल. तर मी जे दोन वर्षं रात्रीच्या जेवणानंतर यांच्या जुन्या लॅपटॉपवर शिकत होते ना, मोबाइलची अ‍ॅप बनवायला, त्यातून काही जोडउत्पन्न निघतंय का ते बघायचं ठरवलंय.

आधीची दोन अ‍ॅप आपटली. पहिलं घरातल्या तिघांनीच घेतलं, आणि त्यातून आईने ते चुकून काढून टाकलं. दुसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. तिसरं मात्र जमेल असं वाटतंय. घरातल्या कुंड्यांना कधी पाणी द्यायचं, कधी छाटायचं, कधी माती बदलायची, याची आठवण करून देणारं. अडचण एकच. "कृपया झाडाला पाणी द्या" असं मोबाइलवर आलं की लोक माशी हाकलल्यासारखं बोटाने उडवून देतात. मी स्वतःसुद्धा उडवते.

मागच्या वर्षी आईच्या गुलाबाबद्दल तू जे पत्र लिहिलं होतंस, ते आम्ही मोठ्याने वाचलं होतं. आई हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मला तशी वाक्यं हवीत. तू गिऱ्हाइकाला मनातल्या मनात जे बोलतोस ते. लिहून पाठवशील?

मामीला सांग, तिने विचारलेलं दाढेचं औषध वेगळ्या पाकिटात पाठवलंय.

तुझी खारू

२० जानेवारी

प्रिय खारूस आशीर्वाद.

तुला माहीतच आहे, फोन हे माझ्यासाठी यंत्र नाही, शिक्षा आहे. माझा पहिला शब्द बाहेर पडेपर्यंत पलीकडचा दोनदा "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतो. म्हणून मी कागदावर बोलतो, आणि कागदावर मला कुणी आवरू शकत नाही. तू भोग आता.

नर्सरीत तुझी मामी काउंटरवर आणि मी मागे, कुंड्या आणि खताच्या पोत्यांमध्ये. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते मला सगळं ऐकू येतं. रोप मेलं की माणसं येऊन मामीला सांगतात, "अहो, रोज पाणी घालत होतो हो!" मी मागे कपाळ बडवतो. या गावात तहानेने मेलेल्या झाडांपेक्षा लाडाने मेलेली झाडं जास्त आहेत.

घे वाक्यं:

निवडुंगासाठी. "झारी खाली ठेव. त्याचं भागलंय. तुझं भागत नसेल तर तू पी."

कोरफडीसाठी. "कोरफड आहे ती, पाणबुडी नव्हे."

गुलाबासाठी. "फुलं हवीत आणि कात्री लावताना जीव कळवळतो? मग भिंतीवर फोटो लाव."

मनीप्लांटसाठी. "हे आणून आजवर कुणी श्रीमंत झालेलं नाही. निदान त्याला तरी भिकेला लावू नकोस."

जो पाणी घालायला विसरला त्याच्यासाठी. "रोप बोलत नाही म्हणून त्याला तहान नसते असं कुणी सांगितलं?"

सोबत आणखी चार पानं जोडली आहेत. मामी म्हणते, "इतकी वाक्यं पोटात होती आणि मला मात्र जेवताना 'मीठ' एवढंच ऐकायला मिळतं." तिला म्हटलं, तू अ‍ॅप काढ, तुलाही देईन.

ताईला नमस्कार.

मामा

२ मार्च

प्रिय मामा,

बसला आहेस ना? नसलास तर बस.

अ‍ॅप चाललंय! नाव ठेवलंय "माळीमामा". तू विचारलं असतंस तर नको म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. लोक तुझी वाक्यं एकमेकांना पाठवताहेत. "पाणबुडी नव्हे" तर मला दवाखान्यात एका पेशंटने दाखवलं, दात दुखत असताना, हसत. मी रजिस्टरमध्ये मान घालून बसले, पण कान लाल झाले असणार, कारण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताप आहे का गं?"

साधं अ‍ॅप फुकट आहे. ज्यांना जास्त रोपं लावायचीत ते वर्गणी भरतात. पहिल्या आठवड्याच्या कमाईत दोन कुंड्या आल्या असत्या, त्याही रिकाम्या. महिनाअखेरीला यांनी वर्गणीचा आकडा बघितला, चष्मा पुसला आणि परत बघितला. आता मला जेवणाच्या टेबलाची एक बाजू कायमची दिली आहे. तिथे कुणी ताट ठेवायचं नाही.

आणि आता मोठी मागणी. लोक लिहितात, "माळीमामाचा आवाज ऐकायला मिळाला तर?" मामा, तू वाक्यं बोलून पाठवशील? मामीच्या फोनमध्ये रेकॉर्ड होतं. एकटा बस, हवा तेवढा वेळ घे, कितीही वेळा अडलास तरी काळजी करू नकोस. पुढचं मी बघते.

खारू

१४ मार्च

प्रिय खारू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते घडी करून खिशात ठेवलं आणि तीन दिवस काढलं नाही. मामीने सदरा धुवायला घेतला तेव्हा तिला सापडलं. तिने वाचलं आणि एवढंच म्हणाली, "झाडांशी बोलता तेव्हा मी दाराआडून ऐकते. तेव्हा कुठे लाजता?"

शाळेत हजेरी घेताना "हजर" म्हणायला मला इतका वेळ लागायचा की मास्तर पुढच्याचं नाव घ्यायचे. वर्षअखेरीला माझी गैरहजेरी वर्गात सगळ्यात जास्त. रोज जात होतो गं मी. तेव्हापासून जिथे बोलायचं तिथून मी मागे सरकत गेलो, ते सरकत सरकत खताच्या पोत्यांपर्यंत पोचलो.

तर खताच्या खोलीतच बसलो. दार लावलं. पहिल्या दिवशी नुसता फोनकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी निवडुंगापासून सुरुवात केली. "कोरफड"मधला "को" एका टेकडीएवढा आहे हे तुला माहीत नसेल. चढलो. "पाणी" हा शब्द ज्याने शोधला त्याला माझ्यासमोर उभा करा. पण सगळी वाक्यं बोललो. एकही सोडलं नाही. शेवटचं झालं तेव्हा घामाने सदरा अंगाला चिकटला होता, आणि बाहेर आलो तर मामी दारातच स्टूल टाकून बसलेली, कुणी आत येऊ नये म्हणून.

मला वाटलं नव्हतं हे माझ्याच्याने होईल. झालं. जसं आहे तसं पाठवतोय.

मामा

३० मार्च

प्रिय मामा,

तू हिरा आहेस! आवाज इतका सुंदर, जाड, मातीसारखा. मी तर थक्कच झाले.

आठवडाभर कानाला हेडफोन लावून बसले होते. संगणकावर आवाजाची रेघ दिसते, डोंगरासारखी वरखाली. जिथे जिथे तू अडलास तिथला तुकडा कापायचा आणि दोन टोकं अशी जोडायची की सांधा कळता कामा नये. शिंप्याने रफू करावं तसं. एकही अडखळ शिल्लक नाही ठेवली. "कोरफड आहे ती, पाणबुडी नव्हे" आता असं एका फटक्यात येतं! यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हे आपले मामा? पटत नाही." आईला ऐकवलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. उठून आत गेली. इतका आनंद झाला तिला.

आवाजाचं अपडेट गेलं आणि वर्गणीदार भराभर वाढले. वर्गणी आता माझ्या पगाराला टेकली आहे. पाठीला आधार देणारी खुर्ची घेतली, माझ्या पैशांची. त्या खुर्चीत बसून हे पत्र लिहितेय.

खूप अभिमान वाटतोय, मामा. तुझा आणि, लाजत नाही, माझाही.

खारू

१६ मे

प्रिय मामा,

एप्रिलमधली माझी दोन्ही पत्रं पोचली ना? मामी फोनवर म्हणते, "कलमांच्या कामात आहेत." कलमं मी जन्मापासून बघतेय, पण कलमांमुळे तू पत्र लिहायचा थांबला आहेस असं कधी झालं नाही.

तुझा वाटा म्हणून जे पाठवलं ते मामीने परत पाठवलं. मामा, पैशांवरून वाईट वाटलं का? कमी वाटले असतील तर तसं सांग, जास्त वाटले असतील तर तसं. तुझ्या आवाजावर मी कमावतेय आणि तुला विचारून काही ठरवलं नाही, ही चूक झाली खरी. पण गप्प बसू नकोस. तू गप्प बसलास की मला काही सुचत नाही.

खारू

२३ मे

खारू,

पैशांवरून नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला मी मागून गुलाबाची कुंडी घेऊन पुढे येत होतो. काउंटरवर मामीने एका बाईंना ऐकवायला अ‍ॅप लावलं होतं. मला वाटलं कुणी गिऱ्हाईक बोलतंय. मोठा रुबाबदार माणूस, काही अडत नाही, घडाघडा बोलतोय. मी मामीला खुणेनं विचारलं, हा कोण? ती म्हणाली, "तुम्हीच की!"

मी कुंडी खाली ठेवली आणि मागे निघून गेलो.

त्या माणसाला मी आयुष्यात भेटलेलो नाही, खारू. लहानपणी रोज रात्री देवाकडे तोच माणूस मागायचो. नाही मिळाला. मग चाळीस-पन्नास वर्षं घालवून मी ह्या माणसाशी जमवून घेतलं, जो आहे त्याच्याशी. आजवर सगळ्यांनी माझी वाक्यं माझ्याआधी पूर्ण करून टाकली. माझ्या वाक्यातून मलाच कापून काढणारी तू पहिली.

मी खताच्या खोलीत जे केलं ते अडखळत केलं, म्हणूनच ते मोठं होतं. तू तेवढंच नेमकं फेकून दिलंस आणि उरलेलं पाठवून म्हणालीस, बघ किती छान.

ताई आनंदाने रडली म्हणतेस. तिला विचारलंस का?

तुझा धंदा आहे, पोटाचा प्रश्न आहे, मी आड येणार नाही. तो आवाज चालतोय तर चालू दे. फक्त त्याला मामा म्हणू नकोस.

मामा

१ जून

मामा,

आईला विचारलं.

ती भाजी चिरत होती. सुरी बाजूला ठेवून म्हणाली, "लहानपणी आम्ही दुकानात जायचो. तो बोलायचा, मी शेजारी उभी राहून दुकानदाराकडे असं बघायचे की मध्ये बोलायची त्याची टाप नसायची. त्याचं प्रत्येक वाक्य मी पूर्ण होईपर्यंत ऐकलंय. तू ऐकवलंस तो माझा भाऊ नव्हता. मेल्यानंतर माणसाचा फोटो रंगवून घेतात ना, तसं वाटलं."

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, "तू इतकी खूश होतीस."

मामा, मी आठवडाभर तो आवाज कानाला लावून बसले होते आणि एकदाही ऐकला नाही. नुसता कापला. तुला सोपं करतेय असं वाटत होतं मला. खरं म्हणजे ऐकणाऱ्याला सोपं करत होते. माफ कर असं लिहून झालं की ते फार छोटं दिसतं, पण लिहितेय.

तू पाठवलेलं मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे सगळं जपून आहे. ते जसंच्या तसं लावू का? तुझी परवानगी असेल तरच. नसेल तर आवाजच काढून टाकते, नुसती वाक्यं ठेवते. दुसऱ्या कुणाचा आवाज "माळीमामा" म्हणून लागणार नाही, हे नक्की.

हे म्हणाले, "वर्गणीदार गळतील." मी म्हटलं, पिकलं पान गळतंच. ते म्हणाले, "तू पण मामांसारखी बोलायला लागलीस." बरं वाटलं.

खारू

७ जून

खारू,

लाव.

नुकसान झालं तर कळव. मला बरं वाटावं म्हणून थाप मारू नकोस. मी मागच्या खोलीत असलो तरी मला सगळं ऐकू येतं.

ताईला म्हणावं, तो दुकानदार अजून तिला घाबरतो.

मामा

१२ जुलै

प्रिय मामा,

थाप मारू नकोस म्हणालास, तर मारत नाही.

मूळ आवाज लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. "नवीन अपडेटमध्ये बिघाड आहे, आवाज अडकतो." "माझा फोन नवा आहे, तरी ऑडिओ तुटतोय." "आधी छान होतं, कशाला हात लावलात?" एकाने तर मला आवाजाची दुरुस्ती कशी करायची ते सविस्तर समजावून सांगितलं. तारे पडले. आकाशातले नव्हे, अ‍ॅपचे. वर्गणी निम्म्याच्याही खाली आली. एक कुंड्या बनवणारी कंपनी जाहिरात देणार होती, त्यांच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "तो ऑडिओचा प्रॉब्लेम सोडवा, मग बोलू." मी म्हटलं, मग राहू द्या. 

मग मी बसले आणि प्रत्येक तक्रारीला उत्तर लिहिलं. सगळ्यांना एकच:

"हा बिघाड नाही. हा माझा मामा आहे. तो असाच बोलतो. गेली तीस वर्षं रोपं जगवतोय. वाक्य संपेपर्यंत थांबा, कामाचं असतं."

तेच आता अ‍ॅप उघडलं की पहिल्यांदा दिसतं, मोठ्या अक्षरांत.

काही जण तरी गेलेच. त्यातल्या एकाने लिहिलं ते तुला सांगणार नाही. पण काही परत आले. एकाने आपली जुनी तक्रार खोडून लिहिलंय, "माफ करा मामा. कोरफड मजेत आहे." एक नर्सबाई लिहितात, "दिवसभर सगळे मला लवकर लवकर म्हणतात. सकाळी हा एक माणूस मला थांबायला लावतो." ते मी आईला वाचून दाखवलं. या वेळी ती आत गेली नाही, तिथेच बसून तिने ते परत वाचायला लावलं.

हिशेब असा, की एप्रिलमध्ये जेवढं मिळत होतं तेवढं आता मिळत नाही. पण जेवढं मिळतं ते टिकून आहे, आणि हळूहळू चढतंय. संध्याकाळचा दवाखाना बंद झाला, त्याची तूट बहुतेक भरून निघते. दुपारी घरी येते, जेवते, आणि स्वतःच्या कामाला बसते. काल पोस्टात एका अर्जावर "व्यवसाय" या रकान्यात पेन थबकलं. मग लिहिलं: अ‍ॅप बनवते. रकाना छोटा होता, अक्षरं बाहेर गेली.

मामा, वर्गणी घसरली त्या आठवड्यात मला जेवढा अभिमान वाटला तेवढा ती चढत असताना वाटला नव्हता. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील, म्हणून तुलाच सांगतेय.

खारू

३ ऑगस्ट

प्रिय खारूस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. या वेळी खरंच काम होतं.

मामीचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी पाय वर ठेवून पडून राहायला सांगितलंय. नर्सरी बंद ठेवू, असं ती म्हणाली. मीही आधी हो म्हणालो. मग सकाळी उठून चहा केला, तिच्या उशाशी ठेवला, आणि घरातून पुढे नर्सरीत जाऊन काउंटरमागच्या तिच्या खुर्चीत बसलो. खुर्ची फार मऊ आहे. इतकी वर्षं मला पत्ता नव्हता.

पहिली दोन गिऱ्हाइकं कुंड्या घेऊन, पैसे ठेवून गेली. बोलायची वेळच आली नाही. मग एक गृहस्थ आले, हातातल्या पिशवीत मुळांसकट आणलेलं फर्नचं सुकलेलं, तपकिरी झालेलं झुपकं. मागे रांग होती, सुट्टीचा दिवस. म्हणाले, "खिडकीत ठेवलंय, भरपूर ऊन आहे, तरी जळतंय. काय करू?"

मी सुरुवात केली. "प… प… प…"

रांगेतले एक जण मागून म्हणाले, "पाणी! पाणी घाला म्हणताहेत." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "हो, पाणीच कमी पडलंय." गृहस्थांनी मान डोलावली, पिशवी उचलली आणि निघाले.

आजवर अशा वेळी मी मान हलवून गप्प बसत आलोय. जाऊ दे, म्हणत. पण मला ते फर्न दिसत होतं. मुळं आधीच भिजून काळी पडली होती. आणखी एक तांब्या पाणी, की संपलं. मी हात वर केला, वाहतुकीचा हवालदार करतो तसा. गृहस्थ थांबले. रांग थांबली. कुणीतरी खोकलं. मी श्वास घेतला आणि परत त्याच टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो.

"प… प… पडदा," मी म्हटलं. "प… पडदा ओढा."

 मग त्या बाई खुदकन हसल्या, माझ्याकडे बघून नव्हे, स्वतःवरच. गृहस्थांनी पिशवी खाली ठेवली. "पडदा? म्हणजे ऊन नको?" मग मी त्यांना सगळं सांगितलं. फर्न जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं, ऊन त्याला सोसत नाही, तुम्ही त्याला रोज भाजता आणि मग भाजलंय म्हणून बुडवता, आता महिनाभर खोलीच्या आतल्या बाजूला ठेवा आणि माती कोरडी झाल्याशिवाय झारीला हात लावू नका. खूप वेळ लागला. मध्ये कुणी एक शब्द बोललं नाही. तरणाताठा एक जण रांगेतून पुढे आला आणि त्याने हळूच विचारलं, "माळीमामा तुम्हीच का?" मी हो म्हणालो. त्या 'हो'लाही वेळ लागला.

मग रांगच्या रांग आपापली रोपं सांगायला लागली. कुणाच्या कळ्या गळतात, कुणाची पानं पिवळी. मामी आतून ओरडली, "अहो, केव्हाचा गलका ऐकू येतोय, एवढं चाललंय काय तिथे?"

मी मागे वळून म्हटलं, "ब… ब… बोलतोय!"

आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, हं, सांगा.

मामा